कणगी मोजली म्हणून पीक कळत नाही

(मूल न होणे आणि त्याच्या तपासण्या यांविषयी गावच्या सभेत केलेले भाषण)



बायका पुढे बसल्या आहेत. बाप्ये मागे पाराजवळ बसले आहेत. बाप्यांनी थोडे पुढे सरकावे. आजचा विषय बायकांचा आहे असे तुम्हांला कोणी सांगितले असेल. तो अर्धाच बायकांचा आहे. अर्धा तुमचा आहे.

विषय असा आहे. लग्नाला वर्षे झाली, पण मूल होत नाही. मग काय करावे? कोणती तपासणी करावी? आणि तपासणीचा कागद हाती आला, तर त्याचा अर्थ काय लावावा?

अशी अडचण आपल्याच घरात आली असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की जगात दर ६ माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. म्हणजे हा कोणाच्या पापाचा भोग नाही. ताप येतो, हाड मोडते, तशीच ही शरीराची अडचण आहे.

पण आपण तिला तसे मानत नाही. मूल झाले नाही की पहिले बोट सुनेकडे जाते. तिला बारशाला बोलावत नाहीत. ओटी भरायला पुढे येऊ देत नाहीत. गंडादोरा तिच्या दंडाला, अंगारा तिच्या कपाळाला, उपास तिच्या पोटाला. नवऱ्याला मात्र कोणी एक शब्द विचारत नाही. दोनचार वर्षे अशी जातात. मग कोणीतरी हळूच म्हणते, "दुसरी करा की."

आता एक नवी गोष्ट झाली आहे. तालुक्याला रक्त तपासणारी दुकाने झाली आहेत. तिथे एक तपासणी होते. तिच्या कागदावर आकडा येतो. आकडा लहान असला, की घरात बोलतात, "हिचं बीज संपलं. कागदावरच लिहिलंय." पूर्वी देवऋषी सांगायचा, आता कागद सांगतो. दोष मात्र त्याच बाईच्या पदरात.

त्या कागदात खरे काय लिहिलेले असते, ते आज समजून घेऊ.

बीज दोघांचे

आपल्याकडे जुनी समजूत आहे. पुरुष म्हणजे बियाणे, बाई म्हणजे जमीन. पीक आले नाही तर जमीन नापीक. ही समजूत चुकीची आहे. बीज दोघांचेही असते.

बाईच्या ओटीपोटात गर्भाची पिशवी असते. पिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. डॉक्टर त्यांना अंडाशय म्हणतात. बदामाएवढे ते असतात. त्यांत बाईचे बीज असते. बीजकोशाजवळून पिशवीपर्यंत दोन बारीक नळ्या जातात. महिन्याला एक बीज पिकते, बाहेर पडते आणि नळीत शिरते. तिथे पुरुषाचे बीज येऊन मिळाले, तर गर्भ धरतो. तो गर्भ मग पिशवीत येऊन रुजतो.

बाईचे बीज फार बारीक असते. म्हणून पुष्कळ काळ ते कोणाला सापडलेच नव्हते. १८२७ साली फोन बेअर नावाच्या शास्त्रज्ञाने ते प्रथम एका कुत्रीच्या बीजकोशात पाहिले. तेव्हापासून शास्त्राला ठाऊक आहे, की आईचे बीज निराळे असते आणि ते बापाच्या बीजाइतकेच लागते. ही गोष्ट कळून जवळजवळ २०० वर्षे होत आली. आपल्या ओसरीवर ती अजून पोचायची आहे.

कणगीतले धान्य

आता बाईच्या बीजाचा हिशेब पाहू. हा हिशेब नीट ध्यानात घ्या. पुढचे सगळे त्यावर आहे.

पुरुषाचे बीज रोज नवे तयार होते. वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत ते तयार होत राहते. ते वाहत्या झऱ्यासारखे आहे. बाईचे तसे नाही. तिचे सगळे बीज ती आईच्या पोटात असतानाच तयार होते. पुढे त्यात भर पडत नाही. घरात कणगी भरून ठेवावी आणि वर्षभर त्यातलेच काढावे, तसे हे आहे.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या कणगीत सुमारे ६० ते ७० लाख बीजे असतात. ती जन्मते, तेव्हा १० ते २० लाख उरतात. तिला न्हाण येते, तेव्हा सुमारे ३ ते ४ लाख उरतात. पाळी जाण्याच्या वेळी हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी उरतात.

मग एवढे बीज जाते कुठे? ते आपोआप झिजते. आयुष्यभरात पिकून बाहेर पडणारी बीजे ४०० ते ५०० एवढीच. बाकीची आतल्या आत वाळून जातात. तरुण बाईची दर महिन्याला शेकड्यांनी बीजे अशी जातात. पाळणा लांबवायच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून ती वाचत नाहीत आणि जास्त जातही नाहीत. गरोदरपणातही झीज चालूच असते. हा निसर्गाचा नियम आहे. यात कोणत्याही बाईचा दोष नाही.

आणखी एक गोष्ट. धान्य नुसते कमी होत नाही, ते जुनेही होते. तीन वर्षांचे जुने बियाणे पेरले तर काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. तसेच बाईच्या बीजाचे आहे. साधारण ३२ वर्षांनंतर गर्भ धरण्याची शक्यता हळूहळू कमी होते. ३७ नंतर ती वेगाने कमी होते. गर्भ पडण्याची भीतीही वयाबरोबर वाढते.

इथे कोणी म्हणेल, "मग पोरीचं लग्न लवकरच उरकावं." नाही! असा अर्थ काढू नका. अठराच्या आत मुलीचे लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे. कोवळ्या वयातले बाळंतपण आईलाही धोक्याचे आणि बाळालाही. विशी ते तिशी हा काळ चांगला. घाई पंधराव्या वर्षी करायची नसते. आणि गरज असताना दवाखान्यात जायला पस्तिशीपर्यंत थांबायचे नसते. एवढाच त्याचा अर्थ.

कणगी कशी मोजतात

कणगीत किती शिल्लक आहे, याचा अंदाज घेण्याच्या तीन तपासण्या आहेत.

पहिली तपासणी रक्ताची. तिचे नाव ए.एम.एच. बीजकोशात बीजाच्या लहान लहान पिशव्या असतात. त्यांतून एक रस रक्तात उतरतो. पिशव्या पुष्कळ असतील तर रस जास्त. पिशव्या थोड्या असतील तर रस कमी. पाळीच्या कोणत्याही दिवशी हे रक्त देता येते. उपाशी राहावे लागत नाही. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून गोळ्या घेत असाल तर आधी सांगा.

दुसरी तपासणी सोनोग्राफीची. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत ती करतात. अंगावरच्या वाटेने बारीक नळी आत घालून बीजकोश पाहतात. डॉक्टर त्या लहान पिशव्या पडद्यावर मोजतात. दोन्ही बाजूंच्या मिळून ५-७ पेक्षा कमी दिसल्या, तर साठा कमी समजतात. पाळी चालू असताना ही तपासणी होते, म्हणून बायका लाजतात. लाजू नये. विटाळ म्हणून दवाखान्याची तारीख चुकवू नये.

तिसरी तपासणीही रक्ताची. तिचे नाव एफ.एस.एच. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ती करतात. मेंदूच्या खाली एक लहान गाठ असते. ती बीजकोशाला हाक मारते, "उठ, एक बीज पिकव." बीजकोशात साठा असेल तर हळू हाक पुरते. साठा थोडा असेल तर मोठ्याने ओरडावे लागते. ही हाक किती मोठी आहे, ते या रक्तात कळते. आकडा मोठा, म्हणजे साठा कमी.

ए.एम.एच.चा आकडा लहान असला तर साठा कमी. एफ.एस.एच.चा आकडा मोठा असला तर साठा कमी. दोन्ही उलट आहेत. म्हणून दुसऱ्याचा कागद पाहून आपल्या कागदाचा अर्थ लावू नये. तो डॉक्टरीणबाईंनाच विचारावा.

मोजणीतून काय कळत नाही

आता मुख्य गोष्ट सांगते.

पेरणीच्या आधी तुम्ही बियाण्याची उगवण तपासता. शंभर दाणे मोजता. ओल्या गोणपाटात गुंडाळता. चार-आठ दिवसांनी कोंब मोजता. सत्तर उगवले, ऐंशी उगवले, तसे ठरवता. ही झाली उगवणीची परीक्षा.

कणगीत किती पायल्या धान्य आहे हे मोजणे निराळे. ते उगवेल की नाही हे पाहणे निराळे. ए.एम.एच.ची तपासणी पायल्या मोजते. उगवण पाहत नाही.

महिन्याला बीज लागते किती? एक. ज्या बाईच्या कणगीत थोडे धान्य आहे, तिलाही महिन्याला एकच दाणा लागतो. दाणा चांगला असला, आणि वाट मोकळी असली, तर तो उगवतो.

हे मी मनचे सांगत नाही. अमेरिकेत ही गोष्ट पारखून पाहिली आहे. ३० ते ४४ वर्षे वयाच्या ७५० बायका घेतल्या. वंध्यत्वाची तक्रार त्यांना आधी नव्हती. त्यांचे रक्त तपासले आणि मग दिवस केव्हा जातात ते पाहिले. २०१७ साली त्याचा निकाल छापून आला. ज्यांचा ए.एम.एच.चा आकडा कमी होता, त्यांतल्या १०० पैकी ६५ बायकांना सहा पाळ्यांच्या आत दिवस जातील असा हिशेब निघाला. ज्यांचा आकडा नेहमीसारखा होता, त्यांच्यात १०० पैकी ६२. म्हणजे दोघींत फरक नाही म्हटले तरी चालेल.

म्हणून ऐका. "आकडा कमी आहे" याचा अर्थ "हिला मूल होणार नाही" असा होत नाही. "आकडा चांगला आहे" याचा अर्थ "आता काळजी नाही" असाही होत नाही. चाळिशीच्या बाईचा आकडा चांगला आला, तरी तिचे बीज चाळीस वर्षांचेच असते. बीजाचा कस वयावरून समजावा, आकड्यावरून नव्हे.

मग ही तपासणी कशासाठी?

तुम्ही विचाराल, "मग पैसे कशाला घालवायचे?" बरोबर आहे. लग्न नुकतेच झाले आहे, काही तक्रार नाही, अशा मुलीने ही तपासणी करायची गरज नाही. लग्न जमवताना मुलीचा असा कागद मागणे तर अगदी गैर आहे.

पण काही ठिकाणी तिचा उपयोग आहे.

पुढे टेस्ट ट्यूबचा उपचार करायचा असेल, तर औषध किती द्यावे आणि किती बीजे मिळतील, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. तपासणीचा मुख्य उपयोग हाच.

बीजकोशाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा कर्करोगाची औषधे घेतली असतील, तर साठा घटू शकतो. आईची किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल, तर मुलीचाही साठा लवकर घटू शकतो. अशा बाईला वेळ किती आहे, हे कळलेले बरे.

आकडा कमी आला तर तो एकच निरोप देतो. "वेळ घालवू नका." टाकून द्या, सवत आणा, असा निरोप त्यात नसतो.

आणि कणगी पुन्हा भरता येते का? नाही. आजच्या ज्ञानाप्रमाणे साठा वाढवणारे खात्रीचे औषध नाही. कोणी पुडी देईल, काढा देईल, भारी किमतीची गोळी देईल. "आकडा वाढवून देतो" म्हणेल. त्याला पैसे देऊ नका. विडी-सिगारेटच्या धुराने मात्र साठा लवकर घटतो आणि पाळी एक-दोन वर्षे आधी जाते. मशेरी आणि तंबाखूही गरोदरपणात बाळाला अपाय करतात. तेव्हा मशेरीची डबी आजच बाजूला ठेवावी. त्याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

तपासणीचा क्रम

समजा, एक जोडपे आहे. लग्नाला चार वर्षे झाली. बाई २८ वर्षांची आहे. घरच्यांनी तिला तालुक्याला नेले. आकडा १ च्या खाली आला. सासू रडली. दीर म्हणाला, "दादाचं दुसरं करू." नवऱ्याची तपासणी अजून झालेलीच नाही! घरात दोन कणग्या आहेत. एकच उघडून पाहिली आणि दुष्काळ पडला म्हणून ओरड केली. याला न्याय म्हणता येईल का?

मूल न होण्याच्या कारणांत सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडते. कधी त्याच्या एकट्यात, कधी दोघांत. म्हणून क्रम असा ठेवावा.

पहिली तपासणी पुरुषाची. वीर्याची तपासणी सगळ्यांत सोपी. सुई नाही, कापाकापी नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता, दवाखान्याने दिलेल्या स्वच्छ डबीत वीर्य द्यायचे. दुर्बिणीखाली शुक्रजंतू मोजतात. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख किंवा त्याहून जास्त असले तर संख्या ठीक समजतात. ते चालतात कसे, त्यांचा आकार कसा आहे, हेही पाहतात. संख्या कमी आली तर घाबरू नये. पुरुषाचे बीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. त्या काळात आजार झाला, ताप येऊन गेला, तरी संख्या घटते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. दारू, विडी, तंबाखू सोडल्यानेही काही जणांत फरक पडतो.

भावांनो, या तपासणीने मर्दपणाला बाध येत नाही. अंगात बळ असणे, संबंध नीट होणे, ही एक गोष्ट. वीर्यात शुक्रजंतू असणे ही निराळी गोष्ट. धट्टाकट्टा, पैलवान गडी असला तरी त्याच्या वीर्यात शुक्रजंतू नसू शकतात. बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही न बघता बायकोला बोल लावता, म्हणजे न बघता निवाडा देता.

दुसरी गोष्ट, बाईच्या पाळीचा हिशेब. पाळी महिन्याच्या महिन्याला येत असेल, तर बहुधा बीज बाहेर पडत असते. दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, तर बीज पिकत नसावे. काही बायकांची कणगी भरलेली असते, पण तिचे तोंड बांधलेले असते. आकडा उलट जास्तच येतो. पण बीज बाहेर पडत नाही. तोंडावर लव, अंगावर चरबी, पाळी लांबलेली, अशी लक्षणे दिसतात. यावर साध्या गोळ्यांनी पुष्कळदा गुण येतो. गळ्यातल्या थायरॉईड गाठीचे रक्तही तपासतात, कारण तिच्या बिघाडानेही पाळी बिघडते.

तिसरी गोष्ट, वाट मोकळी आहे का? नळ्या बंद असतील, तर बीज चांगले असून उपयोग नाही. पाळी थांबल्यावर काही दिवसांत पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात. औषध दोन्ही नळ्यांतून पार गेले, तर वाट मोकळी. थोडे पोटात दुखते, मग थांबते.

आपल्या देशात नळ्या बंद होण्याचे एक मोठे कारण क्षय आहे. क्षय फक्त छातीचा असतो असे नाही. तो पिशवीचा आणि नळ्यांचाही होतो. खोकला नसतो. पुष्कळदा काहीच कळत नाही. मूल होत नाही, एवढेच दिसते. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषध पुरे घ्यावे. मध्येच सोडू नये.

पाहिलेत ना? कणगीचा आकडा या सगळ्यांतला एक तुकडा आहे. बाकीचे न पाहता त्या एका तुकड्यावर घर मोडू नये.

केव्हा जावे?

लग्न झाले आणि तिसऱ्या महिन्यात शेजारीण विचारते, "काय गं, काही बातमी?" इतकी घाई करू नये. निरोगी तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता चार-पाचात एक असते. वर्षभरात १०० पैकी सुमारे ८० ते ८५ जोडप्यांना दिवस जातात.

दिवस कोणते चांगले, तेही सांगते. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी बीज बाहेर पडते. बीज एक दिवस जगते. पुरुषाचे बीज पाच दिवसांपर्यंत जगते. म्हणून बीज बाहेर पडण्याच्या आधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचे. महिन्याची पाळी नेमाने येत असेल, तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहावा ते सोळावा, हे दिवस धरावेत. ऊसतोडीला, मुंबईला, फौजेत गेलेला नवरा नेमका या दिवसांत घरी नसेल, तर मूल कसे होणार? अशा घरी दोष कोणाचाच नसतो.

बाईचे वय ३५ च्या आत असेल, तर एक वर्ष वाट पाहावी. ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने. ४० च्या पुढे असेल तर वाट पाहूच नये. पाळी अनियमित असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, क्षय झाला असेल, पुरुषाला गालफुगीत खाली सूज आली असेल, तर वय न पाहता लगेच जावे.

आधी गावच्या आशाताईंना विचारा. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. दोघांनी मिळून जावे. सगळे कागद एका पिशवीत तारखेवार ठेवावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करायला नको.

देवाला नवस बोला, माझी ना नाही. पण नवसाच्या नावाखाली दोन वर्षे घालवू नका. कणगी तुमच्या नवसासाठी थांबत नाही.

शेत विकण्याआधी

काही जोडप्यांना टेस्ट ट्यूबचा उपचार सांगतात. बाईचे बीज काढून बाहेर काचेच्या भांड्यात पुरुषाच्या बीजाशी मिळवतात आणि गर्भ पिशवीत ठेवतात. असे पहिले मूल इंग्लंडमध्ये १९७८ साली जन्मले. आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशीच एक मुलगी जन्मली. म्हणजे ही विद्या खरी आहे. पण ती दर वेळी फळते असे नाही. वय वाढले की यश कमी होते, आणि खर्च फार येतो.

म्हणून शेत गहाण टाकण्याआधी चार प्रश्न विचारा. दवाखान्याची सरकारदरबारी नोंद आहे का? आमच्या वयाच्या १०० जोडप्यांत किती जणांच्या घरी मूल आले? औषधांसकट सगळा खर्च किती? याआधी दुसरा साधा उपाय करता येईल का? उत्तर लेखी मागा. नोंद असणे २०२१ च्या कायद्याने सक्तीचे आहे. त्याच कायद्याप्रमाणे हा उपचार बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंतच देता येतो.

एक सावधगिरी आणखी. गरीब बाईला कोणी दलाल म्हणेल, "तुझं बीज दे, पैसे देतो." बीज विकणे आणि विकत घेणे गुन्हा आहे. बीज दान करता येते, पण २३ ते ३५ वर्षांच्या बाईलाच, आणि जन्मात एकदाच.

उपचार नको असेल, किंवा फळला नाही, तर कायद्याने दत्तक घेण्याची वाट आहे. पोटचे आणि घेतलेले, दोन्ही मुले आईला "आई"च म्हणतात. आणि मूल नसलेले नवराबायकोही पुरे कुटुंबच असते.

घरच्यांचे काम

शेवटी चार शब्द घरच्यांना.

सासूबाईंनो, सुनेला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. मुलालाही पाठवा. आधी त्याला पाठवा.

भावांनो, पहिली बायको असताना दुसरी करणे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दोष तुमच्यात असेल तर दुसरी काय करणार? तिलाही तुम्ही चार वर्षांनी तेच बोलणार.

बहिणींनो, कागदावर आकडा कमी आला तर तोंड लपवू नका. तो तुमच्या कणगीचा अंदाज आहे. तुमच्या नशिबाचा निकाल तो नव्हे, आणि तुमची किंमतही नव्हे. कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा, आणि विचारा, "आमच्या ह्यांची तपासणी केव्हा करायची?"

हा प्रश्न विचारायला लाज वाटली, तर हे भाषण नवऱ्याला वाचून दाखवा. आता तुम्हांला वाचता येते.